हे सरावाचं नाही

निवृत्त झाल्यापासून लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. आता वेळ कसा जातो, हा एक. आणि इतकी वर्षं अपघात विभागात काढली तर रक्त बघून काही वाटायचं नाही का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मला अजून सापडायचंय. दुसऱ्यावर मी उलट विचारते, कुठलं रक्त? कारण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी खरं रक्त जेवढं पुसलं, त्याच्या खालोखाल बिटाचा रस लोकांच्या अंगाला फासला. तेही सरकारी कामच होतं. त्यासाठी मला रीतसर आदेश निघायचा.

मी इथल्या सरकारी रुग्णालयात अपघात विभागाची परिसेविका होते. म्हणजे त्या विभागातल्या सगळ्या नर्सेसची प्रमुख, पण पेशंटच्या लेखी नुसती 'शिष्टर'. एखाद्या कारखान्यात स्फोट झाला, बस उलटली, जत्रेत चेंगराचेंगरी झाली, की एकाच वेळी इतके जखमी होतात की कुणाकडेच पुरेसे हात नसतात. अशा वेळी अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिकावाले आणि रुग्णालय असे सगळे एकाच कामाला लागतात. गंमत अशी, की यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही त्याआधी पाहिलेलं नसतं. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून खोटा अपघात करायचा. खोटा स्फोट, खोटे जखमी, आणि धावपळ मात्र खरी. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं आवार मिळायचं, आणि रुग्णालयातर्फे मी जायची.

पहिला सराव आठवला की अजून हसू येतं. ठरल्याप्रमाणे भोंगा वाजला, धुराचे डबे पेटले, जखमी आपापल्या जागी आडवे झाले. अग्निशमनचा बंब फाटकाशी आला आणि तिथल्या सुरक्षारक्षकाने तो अडवला. पास दाखवा म्हणाला. बंबाचा चालक म्हणाला, आत आग लागलीय. रक्षक म्हणाला, ते मला दिसतंय, पण पासाशिवाय गाडी सोडू नका असा वरून आदेश आहे. त्याच्या मागे रुग्णवाहिका, तिच्या मागे पोलिसांची जीप, आणि आत माझे जखमी उन्हात करपताहेत. अखेर त्याच्या साहेबांना फोन करून परवानगी मिळवली, तोवर धूर संपला होता.

पण त्या दिवशीचा खरा तमाशा तर पुढेच होता. अग्निशमनचे स्टेशन अधिकारी जाधवसाहेब आणि मी, आमचं जीपच्या बॉनेटपाशी उभं राहून कडाक्याचं भांडण झालं. जाधवसाहेब मूळचे पिशोरकडचे, उंचेपुरे, आवाज असा की वायरलेस नसला तरी चालावं. त्यांचं म्हणणं, जो हाताला लागेल तो उचलायचा आणि गाडीत घालून रुग्णालयात पाठवायचा. माझं म्हणणं, आधी निवडायचे, मग पाठवायचे. नाहीतर गुडघा खरचटलेला पहिल्या गाडीतून जातो आणि ज्याची घटका भरत आलीय तो शेवटच्या गाडीची वाट बघत पडतो.

"बाई, भाजी निवडायलात का तुम्ही?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

मी म्हटलं, हो, तसंच समजा.

बाहेरच्यांना हे निवडणं जरा निर्दय वाटतं, म्हणून सांगते. आमच्याजवळ चार रंगांच्या पट्ट्या असतात. चालता येतंय त्याला हिरवी. थोडं थांबू शकतो त्याला पिवळी. आत्ता उपचार नाही मिळाले तर जाईल, त्याला लाल. आणि ज्याचा श्वास, मान सरळ करून वाट मोकळी केल्यावरही, येत नाही त्याला काळी. काळी बांधली की पुढे जायचं, थांबायचं नाही. एरवी रुग्णालयात एका माणसासाठी आम्ही दहा जण धडपडतो. इथे दहा माणसांसाठी एकच असतो, म्हणून हिशेब उलटा होतो. नवीन मुलींना मी एवढंच शिकवायची, की जो ओरडतोय त्याचा श्वास चांगला चाललाय. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.

त्या भांडणानंतर जाधवसाहेब आणि मी कारखान्याच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसून वडापाव खाल्ला, आणि कुणी काय करायचं ते ठरवलं. माणसं बाहेर काढणं त्यांचं, निवडणं माझं, रस्ता मोकळा ठेवणं पोलिसांचं. मला विचाराल तर सराव म्हणजे दुसरं काही नाही. भांडणं आधीच उरकून घ्यायची, म्हणजे ऐन वेळी त्यात वेळ जात नाही.

जखमी मिळायचे ते कॉलेजची मुलं, कारखान्यातले कामगार आणि शेंद्रा गावातली हौशी मंडळी. जखमा करण्याचं काम माझं. बिटाचा रस, ग्लिसरीन, मैद्याचा गोळा आणि थोडी काजळी एवढ्या सामानात मी भाजलेला हात करून द्यायची. एकेक नमुने भेटले. एकाला मी मांडीचं हाड मोडलेला केला होता. रुग्णवाहिकेला उशीर झाला म्हणून तो उठला, रिक्षा करून रुग्णालयात गेला आणि आमच्या आधी पोचून दारात उभा राहिला. कारखान्याच्या कार्यालयातले एक गृहस्थ बेशुद्ध होते. त्यांचा फोन सारखा वाजायचा आणि ते डोळे मिटूनच बायकोला सांगायचे, मी बेशुद्ध आहे, नंतर कर. डोक्याला मार लागलेली एक शेतकरीण मला हळूच म्हणाली, शिष्टर, रक्त जरा जास्त लावा, माझ्या जावंला माझ्यापेक्षा लई लावलंय.

मग रझिया आपा आल्या. त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. त्यांचं शहागंजात लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान. मुलगा इम्रान शेंद्र्याच्या त्याच कारखान्यात फिटर. सरावाचे धुराचे डबे पेटले तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि शेंद्र्यात स्फोट झाला म्हणून फिरवला. आपांनी तो बघितला, इम्रानला फोन लावला. इम्रान त्या वेळी पोटात पत्रा घुसलेला म्हणून माझ्यासमोर पडला होता आणि फोन कपाटात. आपांनी दुकान तसंच उघडं टाकलं, रिक्षा धरली आणि पोलिसांच्या दोरीखालून वाकून थेट आवारात शिरल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात शेजारच्या दुकानदाराची.

बिटाने भिजलेला मुलगा त्यांनी पाहिला आणि त्या धावत त्याच्यापाशी आल्या. इम्रान घाबरून उठून बसला, अम्मी, झूट है, झूट है, म्हणत राहिला. आजूबाजूचे जखमी हसायला लागले. आपांनी आधी त्याला जवळ घेतलं आणि मग एक सणसणीत ठेवून दिली.

मी त्यांना झाडाखाली नेऊन बसवलं. चहाचा कप दिला, तो त्यांनी तसाच खाली ठेवला. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, तुमने फायरवालों को बुलाया, पोलीस को बुलाया, सब को बुलाया. हमको नहीं बुलाया. और हादसा हुआ तो सबसे पहले हमीच आते."

हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या खोट्या अपघातांत जखमींना नातेवाईक नसायचे. प्रत्यक्षात एका जखमीमागे अख्खी गल्ली येते, आणि त्यांना धड उत्तर मिळालं नाही की काचा फुटतात. पुढच्या वर्षी मी आपांना रीतसर बोलावलं. शहागंजातल्या चार-पाच बायका घेऊन त्या आल्या आणि नातेवाईक झाल्या. असा गोंधळ घातला की पोलिसांची दोरी तुटली. मग आम्ही त्यावर वाट काढली. आलेल्या नातेवाइकांना एका बाजूला बसवायचं, पाणी द्यायचं आणि एकाच माणसाने खरं ते सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगायचं. हा 'एक माणूस' कोण, यावर चर्चा झाली आणि फिरून सगळ्यांच्या नजरा आपांकडेच गेल्या. तेव्हापासून दर सरावाला त्या ठरलेल्या. येताना डब्यात खिमा आणायच्या आणि जाधवसाहेबांसाठी वेगळी बटाट्याची भाजी.

आता त्या दिवसाचं सांगते.

सराव सकाळी होता. मी जखमी रंगवून तयार केले होते, बंब उभा होता, रुग्णवाहिका रांगेत होत्या. भोंगा वाजायचा बाकी होता. तेवढ्यात जालना रस्त्यावरून एक मोटरसायकलवाला फाटकातून आत आला आणि म्हणाला, वऱ्हाडाची बस उलटलीय, पुलाजवळ. आमच्यातले काही जण हसले. सरावात नवीन काहीतरी घातलंय, असं त्यांना वाटलं. जाधवसाहेबांनी त्या माणसाच्या शर्टाकडे पाहिलं. त्याच्या शर्टावर जे होतं ते बीट नव्हतं, एवढं ओळखण्याइतकी आमची दोघांची नोकरी झाली होती.

बंब निघाला, मीही त्यातच चढले. रक्षकाने फाटक आधीच सताड उघडलं होतं, हे इथे नोंदवायला हवं. जाधवसाहेबांनी गाडीतूनच रुग्णालयात फोन लावला. शेंद्र्याजवळ बस उलटलीय, बरेच जखमी आहेत, शस्त्रक्रियेची खोली रिकामी करा. तिकडून मंदा बोलत होती. आमच्या अपघात विभागाचा फोन बरीच वर्षं तीच बघायची. ती म्हणाली, "हो साहेब, पाठवा. आज तुमच्याकडे किती मेलेत ते तेवढं सांगा, मी लिहून ठेवते."

जाधवसाहेब म्हणाले, हे सरावाचं नाही. ती म्हणाली, साहेब, तुम्ही मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात. आणि ते खरं होतं. सराव अस्सल वाटावा म्हणून ते नेहमी तसं म्हणायचे.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मंदाला मी तिच्या लग्नाआधीपासून ओळखत होते. मी म्हटलं, "मंदा, मी सुनंदाताई. तुझ्या लेकीची शपथ, हे खरं आहे."  पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन कटला. आम्ही जखमी पाठवायच्या आत तिने सगळे डॉक्टर खाली गोळा केले होते.

पुलाजवळ बस एका कुशीवर पडली होती. पिशोरचं वऱ्हाड होतं, जालन्याकडे नवरीच्या गावाला निघालेलं. नवरदेव पुढच्या जीपमध्ये होता, तो वाचला होता आणि फेटा सावरत वेड्यासारखा बसभोवती फिरत होता. आमचे खोटे जखमी आणि रझिया आपा एका टेम्पोत बसून मागोमाग आले. त्यांना मी थांबा म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. बिटाने माखलेला इम्रान खिडकीतून माणसं ओढून काढत होता आणि एक म्हातारी त्यालाच म्हणत होती, बाबा, तू आधी पट्टी करून घे.

जाधवसाहेब काढत होते, मी निवडत होते. आमच्यात एका शब्दाचंही भांडण झालं नाही. पोलिसांनी एक बाजू फक्त रुग्णवाहिकांसाठी ठेवली. सरावात इतक्या वर्षांत एकदाही इतकं सुरळीत झालं नव्हतं.

आणि मग कडुबा भेटला. हे नाव मला नंतर कळलं. पन्नाशीचा शेतकरी, स्वतःच्या कपाळातून रक्त गळतंय, आणि धाकट्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. भाऊ भीमराव, हालचाल नाही. मी बसले, मान सरळ केली, तोंड मोकळं केलं, छातीकडे पाहिलं. पुन्हा एकदा मान सरळ केली. काही नव्हतं. मी भीमरावाच्या मनगटाला काळी पट्टी बांधली.

कडुबाला रंगांचा अर्थ माहीत नव्हता. पण मी उठले त्यावरून त्याला कळलं. त्याने माझ्या पदराचं टोक धरलं.

"बाई, असं करू नका. ह्याला बघा आधी. मला काय बी झालं नाय, ह्याला बघा."

सरावात काळी पट्टीवाले थोड्या वेळाने उठतात, कपडे झटकतात आणि चहा प्यायला येतात. इतक्या वर्षांत त्या पट्टीची गाठ मारताना माझा हात कधी अडखळला नव्हता. मी त्याच्या मुठीतून पदर सोडवला. त्याला काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडाला टेकून एक मुलगी बसली होती. सात-आठ वर्षांची, किरमिजी परकर-पोलकं, केसांत गजरा. अंगावर ओरखडासुद्धा नाही. कुणीतरी तिला हिरवी पट्टी बांधून पाणी दिलं होतं, ती ते पीत नव्हती. रडत नव्हती. काही विचारलं तर मान हलवायची. मी तिचा हात हातात घेतला तर थंडगार, नाडी धावत होती, पोटाला बोट लावलं तर तिने डोळे मिटून घेतले. आत कुठेतरी रक्त वाहत होतं. मी हिरवी पट्टी तोडली, लाल बांधली आणि पहिल्या निघणाऱ्या गाडीत तिला घातलं. मागे वळून पाहिलं तेव्हा कडुबाच्या शेजारी रझिया आपा रस्त्यावर मांडी घालून बसल्या होत्या.  त्यांनी त्याच्या कपाळाला ओढणी दाबून धरली होती.

काही माणसं गेली. बरीच वाचली. वरच्या साहेबांनी आमचं कौतुक केलं. पुढच्या बैठकीत जाधवसाहेबांनी स्वतःहून सांगितलं, की 'हे सरावाचं नाही' हे वाक्य यापुढे सरावात कुणीही उच्चारायचं नाही, ते फक्त खऱ्यासाठी ठेवायचं. तो नियम अजून पाळतात म्हणे. मंदाने बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला होता, लेकीची शपथ घातली म्हणून. मग एकदा तिने आपणहून माझ्यासमोर चहा आणून ठेवला आणि ते मिटलं.

मला मात्र पदर खाली खेचला गेल्याचा भास कुठेही व्हायचा. भाजी घेताना, बसमध्ये. मी नियमाने वागले होते, आणि पुन्हा तीच वेळ आली तरी तसंच वागेन. तरीही रात्री जेवायला बसले की तो माणूस आठवायचा. एखादा शब्द तरी बोलून उठायला हवं होतं, असं वाटत राहायचं.

पावसाळा संपता संपता तो रुग्णालयात आला. दुपारची वेळ होती, मी विभागात औषधं मोजून घेत होते. दारात धोतर-टोपीतला माणूस उभा, कपाळावर व्रण. मी ओळखलं. भांडायला आला असेल, असंच वाटलं. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने टोपी काढून हातात घेतली.

मग म्हणाला, "बाई, एकच इचारायचंय. त्या दिवशी भीमाला सोडून तुम्ही कुणाकडं गेलात?"

पेशंटचं नाव सांगायचं नसतं, म्हणून नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, एक लहान मुलगी होती, किरमिजी परकरातली. आत रक्त चाललं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

"मैलाच्या दगडापाशी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"म्हंजे नवरदेवाच्या बहिणीची पोर. कन्नडला दिलीय ती बहीण." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "जगली का?"

मी म्हटलं, ऑपरेशन झालं, स्वतःच्या पायांनी घरी गेली.

 मी पोचायच्या आधीच भीमराव गेला होता, मी थांबले असते तरी उपयोग नव्हता, हे मला त्याला सांगायचं होतं, आणि त्या वेळी माझ्या तोंडून ते निघालंही. त्याने हात वर करून मला थांबवलं. ठावं हाय, म्हणाला. मग टोपी घातली, माझा नंबर मुलाकडून फोनमध्ये घालून घ्यायचा म्हणून एका कागदावर लिहून मागितला, आणि गेला.

आठवड्याभराने अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट होता आणि कुणीतरी लहान पोर मोठ्याने गात होतं.

"बाई, कडुबा बोलतोय, पिशोरचा. कन्नडला आलोय." मागच्या गाण्याकडे त्याने जरा कान दिला असावा. "पोरगी बघितली. लई वांड हाय. मघापासून जांभळीवर चढून बसलीय, समदे खालून बोलवायलेत, उतरंनाच."